मला ऐकणारी एकच होती

मी ट्यूबलाइट बोलतेय. शिंप्याच्या दुकानात टांगलेली, लांबुडकी. हसा, हसा. माझं नाव निघालं की माणसांना हसू येतंच. कुणाला विनोद उशिरा कळला की त्याला माझं नाव ठेवतात.

माझा जन्म कारखान्यातला. मला पहिल्यांदा पेटवलं तेव्हा तिथला रखवालदार असा दिपला, की आठवडाभर झोपतानाही गॉगल काढेना. नसेल पटत तर सोडून द्या. पण मी गाते, हे मात्र खरं. माझ्या पाठीशी चोक असतो ना, त्यातून एक बारीक सूर सारखा निघत असतो. आयुष्यभर गायले, पण कुणी मान वर करून पाहिलं नाही.

मग ती आली, काज-बटणं करायला. टाके इतके नाजूक, की जणू मुंगीने घातलेत! तिला काही विचारलं की उत्तर जरा थांबून यायचं, म्हणून कापड बेतणाऱ्या मास्तरांनी तिलाही ट्यूबलाइट म्हणायला सुरुवात केली.

ती खिडकीपाशी बसायची. "हे काम मला फार आवडतं," ती इस्त्रीवाल्या मावशीला म्हणाली होती, "इथे कुणाच्या डोळ्यांत बघून बोलावं लागत नाही."

पुढे मास्तरांनी खिडकीपाशी प्लायवूड ठोकून ट्रायल रूम केली आणि तिची खुर्ची माझ्याखाली आली. बसल्या बसल्या तिने वर पाहिलं.

"मास्तर, ही बंद करता येईल का? आवाज करते."

"मावशी, ऐकलंत का? ट्यूबला ट्यूबचं ऐकू येतंय!"

"आणि लुकलुकते. डोळ्यांना टोचतं."

"अगं, सुई टोचते. उजेड कसा टोचेल?"

मी मात्र हरखले. ऐकणारी मिळाली! मग काय, सूर चढवला, लुकलुकून ताल धरला. तिने कानांत कापूस घातला. मला वाटलं, सर्दी झाली असेल. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, गाणं पोचलं.

"तो कापूस काढ. हाक मारली तर ऐकू जात नाही तुला," मास्तर ओरडायचे. ती काढायची. मी गायचे.

एकदा शाळेच्या गणवेशांची घाई होती. सगळी मशीनं धडधडत होती, इस्त्रीची वाफ, नव्या कापडाचा वास, कोपऱ्यात रेडिओ, आणि वर मी. अचानक ती टेबलाखाली शिरली आणि कान गच्च दाबून पुढेमागे डोलू लागली. "बंद करा, बंद करा, बंद करा."

"नाटकं पुरे! बाहेर ये आधी!" मास्तरांच्या ओरडण्याने ती आणखीच आत सरकली.

मावशीने तिच्या दादाला फोन केला. त्याने आल्या आल्या मशीनं थांबवायला लावली, रेडिओ बंद केला, मग माझं बटण. तिला हात न लावता तो शेजारी फरशीवर बसून राहिला. बऱ्याच वेळाने तिने कान सोडले.

"हिला ऑटिझम आहे, मास्तर. आपल्याला जे जाणवतही नाही, ते हिच्या अंगावर येतं. आवाज, उजेड, वास, सगळंच."

"अरे, मग आधी सांगायचं ना!"

"ती सांगतच होती," दादा म्हणाला.

मास्तरांनी मान खाली घातली. मी तर विझलेलीच होते. ज्याला मी दाद समजत होते, ते तिचं रडणं होतं.

मास्तरांनी स्वतःच्या हाताने प्लायवूड उचकटलं, खुर्ची पुन्हा खिडकीशी ठेवली, मला खाली उतरवलं. पण काही दिवसांनी दादा एकटाच आला, तिचा राहिलेला डबा न्यायला.

"ट्यूब काढली, सांग तिला," मास्तर म्हणाले.

"सांगितलंय. तिला यायचंय हो. रोज चपला घालते, गल्लीच्या तोंडापर्यंत येते. मशीनं ऐकू आली की तिथूनच मागे फिरते, आणि घरी येऊन रडते."

"मशीनं बंद ठेवतो."

"आणि दुकान?"

मास्तर डबा तेवढा फडक्याने पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

मी आता माळ्यावर चिंध्यांच्या पोत्यामागे पडून आहे. काच अजून शाबूत आहे, पण पुन्हा मला कुठे टांगू नका, भंगारात द्या. आणि तुमच्या घरात, कचेरीत कुणी म्हणालं, "हे मला सहन होत नाही," तर तुम्हाला होतं म्हणून हसू नका. उठा, आणि आधी बटण बंद करा.