एका फळीचा फरक

गणिताच्या बाई दुकानात आल्या तेव्हा मी भिंतीवरचे लाकडी पाय उतरवून पोत्यात भरत होते. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता आणि महिनाअखेरीस दुकान रिकामं करून द्यायचं होतं.

ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो त्यांचे बूट बाबा करायचे. दुसरं काही केलं नाही, आयुष्यभर हेच. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायांचे लाकडी साचे करून ते जोडीने भिंतीवर टांगायचे. लहानपणी माझ्या मैत्रिणी दुकानात यायला घाबरायच्या. एवढे पाय आणि वर माणसं नाहीत.

"बंद करताय?" बाईंनी विचारलं.

"हो बाई. दादा म्हणतो, चालवणार कोण?"

"मग वेळेत आले म्हणायची." खुर्चीवर बसून त्यांनी उजवा बूट काढला आणि माझ्या हातात दिला. "हा उंच झालाय. आठ महिने झाले. कंबर धरते, गुडघा कुरकुरतो. फळ्यापाशी उभी राहिले की अख्खा वर्ग मला तिरका दिसतो. तसा तो असतोच म्हणा."

"आठ महिने? बाई, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कुणाला सांगू? तुझ्या बाबांची मान कललेली, हात थरथरतोय आणि तरी माझ्या पायाशी गुडघे टेकून बसलेले. मुलांच्या वह्यांवर चाळीस वर्षं लाल फुल्या मारल्या मी. ती एक फुली नाही मारवली."

मी बूट हातात धरून उभी राहिले. नवल वाटलं, असं म्हणायला हवं. पण खरं तर मला नवल वाटलं नाही.

बाबांची मापं घेण्याची रीत अशी होती. गिऱ्हाइकाने भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभं राहायचं. बाबा मागे गुडघे टेकून बसायचे, कमरेच्या दोन हाडांवर दोन अंगठे ठेवायचे आणि दोन्ही अंगठे एका रेषेत येईपर्यंत आखूड पायाखाली एकेक पातळ फळी सरकवत राहायचे. जितक्या फळ्या, तितकी बुटाची उंची. दादाने पहिल्या पगारातून त्यांना एक पाणसळ आणून दिली होती. आडव्या पट्टीत बसवलेली, बुडबुड्याची. बाबांनी कौतुकाने घेतली आणि खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे लावून ठेवली. "माझ्या डोळ्यात बुडबुडा आहे," म्हणायचे. आणि तो होता. चाळीस वर्षांत एक बूट परत आला नव्हता.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. सौम्य होता, डॉक्टर म्हणाले. बोलणं परत आलं, हातही बऱ्यापैकी आला. मान तेवढी डावीकडे कललेली राहिली. त्यांना ती कललेली आहे हे जाणवायचंच नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं आहे म्हणून रोज सरळ करायचे आणि मी रोज ते पुन्हा नीट करायचे. आम्ही दोघांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही.

मी खिडकीतून पाणसळ काढली. बाईंना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, बाबांच्या मापाइतक्या फळ्या लावल्या आणि पट्टी कमरेवर धरली. बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन चिकटला. एक फळी काढली. तो मधोमध येऊन थांबला.

"एका फळीचा फरक," मी म्हटलं.

"एकच? मला वाटलं, म्हातारपणाचा फरक आहे. आजचं काम आज होईल का?"

काम मला येत होतं. शाळा सुटल्यावर मी याच दुकानात बसायचे. कॉर्क कापणं, चिकटवणं, घासणं बाबांनी बोलता बोलता शिकवलं होतं. तळ उचकटला. आत कॉर्कचे थर. बाबा प्रत्येक थरावर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव आणि थराचा क्रमांक लिहायचे आणि सगळ्यात वरच्या थरावर, अगदी शेवटचं माप पुन्हा एकदा बघून झाल्यावरच, एक शब्द: "पाहिले". ते कुणाला दिसण्यासाठी नसायचं. त्यावर तळ चिकटला की संपलं.

या थरावर दोन शब्द होते. अक्षर उतरत गेलेलं, पण स्पष्ट.

"मुलीने पाहिले."

मी तो थर सोलून काढला, खिशात घातला आणि बाईंचा बूट पूर्ण केला. त्या दोन पावलं चालल्या, वळल्या. "आता वर्ग सरळ दिसेल. मुलं तशीच राहतील." दारात थांबून म्हणाल्या, "बाबांना कळलं नाही ते बरं झालं."

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दुसऱ्यांच्या पुस्तकातल्या चुका शोधण्याचे पैसे मिळतात मला. बाबा आजारी पडल्यापासून मी प्रुफं घेऊन दुकानातच दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. झटक्यानंतर त्यांनी सात जोड केले. प्रत्येक वेळी माप घेऊन झालं की त्यांचा आवाज यायचा, "पोरी, जरा बघ गं. सरळ आहे का?" आणि मी ओळीवरचं बोट न हलवता म्हणायचे, "सरळ आहे, बाबा." एकाही लेखकाचा चुकलेला स्वल्पविराम मी सोडला नाही त्या दिवसांत.

सहा वेळा मी पाहिलं नाही. सातव्या वेळी पाहिलं. ते जास्त वाईट आहे.

सातवे होते ऑर्गनवाले काका. आमच्या चर्चमध्ये तीस वर्षं ऑर्गन वाजवणारे, बाबांचे जुने दोस्त. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि "आटप रे, भिंत पाठ झाली मला," म्हणत होते. बाबांनी विचारलं आणि मी का कोण जाणे मान वर केली. काकांची उजवी बाजू उंच होती. पाणसळीची गरज नव्हती, आंधळ्यालाही दिसलं असतं. बाबा माझ्याकडे बघत होते. कललेल्या मानेने, वाट बघत. नाही म्हटलं असतं, तर त्यांनी त्या दिवशी अवजारं खाली ठेवली असती. आणि अवजारं खाली ठेवली की ते फार दिवस राहणार नाहीत, हे मला कळत होतं.

"सरळ आहे, बाबा."

पुढच्याच महिन्यात चर्चच्या पायरीला बूट अडकून काका पडले. मनगट मोडलं. "वय झालं," सगळे म्हणाले. बाबांनाही तेच वाटलं. ते भेटायला गेले आणि दोघं म्हातारपणावर हसून आले. बाबांच्या अंत्यविधीला ऑर्गन दुसऱ्याच कुणी वाजवला.

त्या विधीत पाळकसाहेबांनी सांगितलं की बाबांचं काम हीच त्यांची उपासना होती, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे ते लोकांच्या पायाशी बसले. हे ऐकून बाबा वैतागले असते. त्यांच्या तोंडावर कुणी ती तुलना केली की म्हणायचे, "प्रभूने एकदा केलं ते. मला रोज करावं लागतं, आणि लोक मोजे धूत नाहीत." त्यांना प्रभूच्या आयुष्यातला दुसराच भाग आवडायचा, ज्याबद्दल जवळपास काही लिहिलेलं नाही. उपदेशाची वर्षं जेमतेम तीन. त्याआधी इतकी वर्षं तो काय करत होता? "सुतारकाम. जू करत असेल बैलांचं. जू मानेला टोचलं तर बैल बोलणार आहे का? करणाऱ्यालाच बघावं लागतं." दुकान उघडलं की ते एकच वाक्य प्रार्थना म्हणून म्हणायचे, झाडू हातात असतानाच. "प्रभू, आज जे पाय येतील त्यांना माझ्यामुळे दुखू नये."

बाबा गेल्यापासून मला प्रार्थना जमली नव्हती. शब्द यायचे, पण प्रुफं वाचल्यासारखे.

संध्याकाळी दादा सामान न्यायला आला. त्याला मी सगळं सांगितलं. तो पोत्यावर बसला आणि एका साच्याची टाच चोळत राहिला.

"सात जोड?"

"एक झाला. सहा राहिले. बाबांची मान एकाच बाजूला कललेली होती ना. ज्यांचा उजवा पाय आखूड त्यांचे एका फळीने उंच, डावा आखूड त्यांचे तेवढेच कमी."

"मग बोलाव एकेकाला. सांग, दुकान बंद करण्याआधी तपासणी फुकट. बूट घे, नीट कर, दे. कुणाला काही सांगायची गरज नाही."

"आणि काका?"

"त्यांचाही कर. गुपचूप." त्याने साचा खाली ठेवला. "अगं, चाळीस वर्षांचं नाव आहे. लोक आता काय म्हणतील? म्हातारा डोळे गेल्यावरही बूट करत बसला आणि माणसं पाडली. गेलेल्या माणसाला बट्टा लावून तुला काय मिळणार?"

"बाबांना बट्टा नाही लागत. त्यांनी विचारलं होतं." मी खिशातला थर काढून त्याला दिला.

त्याने ते दोन शब्द वाचले. दिव्याजवळ नेऊन पुन्हा वाचले. मग मला परत देत हळू म्हणाला, "हे तर कुणालाच दाखवू नकोस. जाळून टाक." तो माझ्यावर माया करत होता. तेवढ्या मायेनेच मी सातव्या वेळी खोटं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी फळ्या, पाणसळ आणि अवजारांची पेटी घेऊन मी काकांकडे गेले. ते खिडकीशी बसून डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून वाकवत होते.

"ये गं. दुकान विकलं का?"

"नाही अजून. काका, तुमचा बूट बघायला आलेय."

"बूट झकास आहे. मीच सडलोय." ते हसले. "पाय उचलला जात नाही पूर्वीसारखा. पायरी दिसते, पण पाय तिथवर जात नाही. मग म्हटलं, पुरे. ऑर्गनचे पायटे मारायचे आणि पायच आपला नाही! चावी देऊन टाकली पाळकसाहेबांना."

"कसली चावी?"

"ऑर्गनची. तीस वर्षं माझ्याकडे होती. आता तो नवा वाजवतो. सगळी गीतं अशी पळवतो, जणू बस सुटतेय."

मी रस्ताभर वाक्यं जुळवली होती. बाबांची नजर, झटका, कललेली मान, अशा क्रमाने. सुरुवातही तशीच केली. काका ऐकत होते, "असं, असं," म्हणत होते, आणि मला दिसलं की मी इथेच थांबले तर ते बाबांना माफ करतील, मला चहा देतील आणि मी घरी जाईन. मी कॉर्कचा तुकडा काढून त्यांच्या समोर ठेवला.

"हा गणिताच्या बाईंच्या बुटातला. तुमच्या बुटातही हेच असणार. तुमच्या वेळी मी खरंच पाहिलं होतं, काका. उंच होतं. मी सरळ आहे म्हटलं."

"का?"

"नाही म्हटलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी दुकानात आले नसते."

काकांनी तुकडा उचलला नाही.

"म्हणजे मी म्हातारपणाने पडलो नाही?"

"नाही."

"आणि चावी देऊन टाकली मी!" ते उठायला गेले, खुर्चीचा हात धरून पुन्हा बसले. "तीन महिने झाले, रात्रंदिवस मी या पायाला शिव्या घालतोय. बायकोशी धड बोललो नाही. तू चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसत होतीस ना गं? दर रविवारी?"

"हो."

"तुझा बाप असता तर चार शब्द सुनावले असते. आता कुणाला सुनावू?"

"मला."

"तुलाच सुनावतोय!" त्यांनी उजवा हात वर केला. चार बोटं मिटली, मधलं अर्ध्यावर अडकलं. "हे बघ. हे पुढे वाकायचं नाही, डॉक्टर म्हणाला. चावी परत मिळेल, कदाचित. याचं काय करशील?"

मी मान खाली घातली नाही, एवढंच. त्या बोटाकडे बघत राहिले.

ते पुटपुटले, "त्याला कळलं होतं का?"

"नाही. त्यांनी मला विचारलं आणि विश्वास ठेवला."

"गाढव होता." त्यांनी नाक शिंकरलं. मग वाकून, धापा टाकत, दोन्ही बूट काढले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "लाव फळ्या. आणि लवकर आटप म्हणणार नाही मी या वेळी."

मी त्यांच्या मागे गुडघे टेकले. फरशी गार होती. बाबा दिवसातून किती वेळा असे बसत असतील, याचा हिशोब मी कधी केला नव्हता. काकांच्या टाचा भेगाळलेल्या होत्या, उजवी किंचित आत वळलेली. बाबांचं वाक्य तोंडात आलं. प्रभू, आज जे पाय येतील त्यांना माझ्यामुळे. तिथे मी अडले, कारण ते आधीच दुखले होते. तरी वाक्य पुरं केलं, मनात.

उजव्या पायाखाली चार फळ्या लावल्या, बाबांच्या मापापेक्षा एक कमी. पट्टी कमरेवर धरली. बुडबुडा थरथरला, मध्याकडे सरकला, थांबला.

"सरळ आहे का?" काकांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"थांबा काका," मी म्हटलं. "अजून बघतेय."