मिटलेली मूठ

एका दुकानावरचा बाबांच्या बैठकीचा हॉल खचाखच भरला होता. भिंतीवरच्या पडद्यावर दोन हात दिसत होते आणि खाली खुर्चीत, डोळ्यांवर डबड्याएवढा काळा चष्मा लावून, माझा एका हाताचा नवरा बसला होता. पडद्यावरची उजवी मूठ हळूहळू उघडली. लोकांनी हात जोडले. मला रडू आलं, पण चमत्कार बघून नव्हे. कित्येक आठवड्यांनी त्याच्या कपाळावरची आठी गेली होती.

छापखान्यात आम्ही दोघंही कामाला. तो कागद कापायच्या मशीनवर, मी बाइंडिंगच्या टेबलावर. पातं खाली यायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणजे दोन्ही हात पात्यापासून लांब राहतात. पण घाई असली की आमच्याकडे सगळेच एका बटणात पुठ्ठ्याची घडी कोंबून ते दाबलेलंच ठेवायचे. मग एकच हात दोन्ही हातांचं काम करायचा. त्या दिवशी मोकळा उजवा हात कागद सरळ करायला गेला आणि मनगटापासून तुटला.

पुढे तो तुटलेला हातच दुखायला लागला. नसलेली मूठ आवळलेली, नसलेली नखं तळव्यात रुतलेली. "उघडता येत नाही गं," एवढंच म्हणायचा. हात गेल्याचं मेंदूला अजून उमजलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. फिजिओथेरपीची तारीख लांबची मिळाली. त्या हॉलमधले बाबा मात्र जवळच होते.

"शरीराचा हात गेला, सूक्ष्मातला शाबूत आहे," बाबा माइकवर सांगायचे. "श्रद्धा ठेव, एक दिवस मांसात उतरेल. पण जखमेला औषध लावलंस की वाट बुजली." हा सूक्ष्मातला हात आधी चार्जिंगला लावावा लागतो, हे तेवढं सांगायचे नाहीत.

नवऱ्याने मलमपट्टी सोडली. जखमेला वास यायला लागला, तर म्हणाला, "उतरतोय तो, म्हणून सुजलंय." मी भांडले, हातापाया पडले. तो ढिम्म हलला नाही.

पुढच्या बैठकीला मी पुढच्या रांगेत बसले. "दोन्ही मुठी मिट," बाबा म्हणाले. "आता दोन्ही उघड." दर वेळी दोन्हीच. मला ती पुठ्ठ्याची घडी आठवली. मी उठले आणि चष्मा लावून बसलेल्या नवऱ्याची डावी मूठ गच्च धरली.

"आता नुसता उजवा उघड."

पडद्यावरचा हात जागचा हलेना.

"मी उघडतोय की," नवरा म्हणाला.

"बाईच्या शंकेने लहरी तुटल्या," बाबा म्हणाले.

मी त्याच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून सोडवली. पडद्यावर उजव्याचीही सुटली.

"मग आता कशा जुळल्या?" मी विचारलं. "शंका तर तशीच आहे. चष्म्याचे कॅमेरे डावा हात बघतात आणि आरशासारखं त्याचंच चित्र उजवीकडे दाखवतात. एवढंच आहे हे."

नवऱ्याने चष्मा काढला.

"म्हणजे तो येणार नाही?"

सांगायला माझ्याशिवाय कोण होतं? "नाही," म्हटलं. मशीनपाशी न रडलेला माणूस तिथे हमसून रडला. त्याचा हात दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी तो मी काढून घेतला होता.

दवाखान्यात पोचलो तोवर जखमेचं विष वर चढलं होतं. कोपरही गेलं.

आता फिजिओथेरपीच्या खोलीत तो तसलाच चष्मा लावतो. "हे खोटं चित्र आहे," तिथल्या बाई आधीच सांगतात. "काहींच्या मेंदूला तेवढ्यानेही आराम पडतो." त्याला पडतो, थोडा. मूठ उघडायला खोटं बोलावं लागत नाही. म्हणून सांगते, आराम पडला म्हणून लगेच कुणाच्या पाया पडू नका. कसा पडला ते विचारा. आणि जो औषध बंद करायला सांगेल, त्याच्या दारातून तिथल्या तिथे उठा.

काल वेळ संपली, म्हणून मी चष्मा काढायला गेले.

"माहितीय मला, हात खोटा आहे," तो म्हणाला. "पण थोडा वेळ राहू दे."