यालाही शब्द आहे

मुलगी दिवसभराच्या शाळेत जायला लागली, तशी त्या घरच्या सुनेने मेडिकल कोडिंगच्या वर्गात नाव घातलं. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचायचं आणि विम्यासाठी त्याला नेमका कोड लावायचा, असं ते काम. हाडं, हृदय, फुप्फुसं निभावली. मूत्रसंस्थेपाशी मात्र गाडी अडली. मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणते ती युरेटर, आणि मूत्राशयातून बाहेर सोडते ती युरेथ्रा. दर चाचणीत ती हटकून दोघींची अदलाबदल करायची.

"अगं, पेशंट एका नळीचा आणि बिल दुसऱ्या नळीचं!" शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. वर्ग हसला. तीही हसली, पण घरी येईपर्यंत तोंड उतरलं होतं.

घरी उजळणी घ्यायला सासरे होते. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा उभा जन्म गेलेला. शब्द दिसला की त्याची फोड केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दुपारी मागचं आवरलं की दोघं टेबलाशी बसायची.

"नेफ्रो?"

"मूत्रपिंड."

"सिस्टो?"

"मूत्राशय. आणि आयटिस म्हणजे दाह. पण बाबा, त्या दोन नळ्या काही केल्या लक्षात राहत नाहीत."

सासऱ्यांनी दोन्ही शब्द पुटपुटून पाहिले. "युरेथ्रात 'थ' आहे. थ म्हणजे थेट बाहेर. झालं!"

तिला खुदकन हसू आलं. त्या दिवसापासून ती चूक पुन्हा झाली नाही.

अलीकडे बाबांचं काहीतरी बिनसलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. संध्याकाळची मित्रांची बैठक सुटली होती. चहा अर्ध्यावर आला होता, पाणी तर नावालाच. विचारलं तर म्हणायचे, "पाय दुखतात." मुलाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, एकदा खोदून विचारलं, तर त्याच्यावरच खेकसले. वय झालं, असं म्हणून दोघांनी सोडून दिलं.

मग 'युरिया'वर संपणाऱ्या शब्दांची पाळी आली. पुस्तक बाबांच्या हातात होतं.

"पॉलियुरिया?"

"लघवी जास्त होणं."

"डिसयुरिया?"

"होताना दुखणं, जळजळणं."

"नॉक्टुरिया?"

"त्यासाठी रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागणं."

बाबा थबकले. "यालाही शब्द आहे?"

"आहे की."

पुढचा शब्द त्यांनी सावकाश वाचला. "हिमॅच्युरिया."

"लघवीतून रक्त जाणं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग मला हे दोन्ही आहेत."

इतके दिवस बोलला का नाहीत, हे अगदी ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं आणि उजळणीच्याच सुरात विचारलं, "सुरू करताना अडतं का, बाबा?"

"अडतं. आणि झालं तरी झाल्यासारखं वाटत नाही." ते पुस्तकाकडे बघत बोलत होते. "थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. तो काही उठला नाही पुन्हा. शिवाय सांगणार कुणाला? तू सून. या गोष्टीचे जे शब्द मला येतात, ते तुझ्यासमोर तोंडातून निघेनात."

"आता निघाले ना? उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यालाही घेऊन तिघं दवाखान्यात गेली. काय होतंय, असं डॉक्टरांनी विचारताच बाबांनी नॉक्टुरिया, हिमॅच्युरिया असं घडाघडा सांगून टाकलं. डॉक्टरांनी मान वर केली. "तुम्ही या क्षेत्रातले का?"

"छे! मी सूनबाईंची उजळणी घेतो."

तपासण्या झाल्या, दुर्बीण घालून झाली. निकाल येईपर्यंत घरात कुणाला घास गोड लागला नाही. शेवटी कळलं ते एवढंच, की प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे आणि लघवी तुंबून मूत्राशयात खडा झाला आहे. कॅन्सर नाही. बाबांनी ते डॉक्टरांकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

ऑपरेशन मूत्रमार्गातूनच झालं, पोटावर टाका नाही. खोलीत आणलं तेव्हा बाबा ग्लानीत होते आणि पलंगाला लघवीची पिशवी लटकत होती.

बाहेर नवरा भिंतीला टेकून उभा होता. "माझ्याशी का नाही बोलले गं?" तो म्हणाला.

"माझ्याशी तरी कुठे बोलले? पुस्तकाशी बोलले. तू आत जा."

तो आत गेला. पिशवी भरत आली होती. नर्सने भांडं कसं धरायचं, तोटी कशी सोडायची ते दाखवलं. तो वाकला आणि गुपचूप पिशवी रिकामी करू लागला. बाबा जागे झाले. संकोचून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बेताने," मग ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "नळी ओढली जाते."

"हो, बाबा," तो म्हणाला, आणि त्याने नळी दुसऱ्या हाताने अलगद तोलून धरली.