जोडणीबाबा आणि भलताच नंबर

आमच्या लॅबमध्ये त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चाळीस माणसं रिपोर्ट न्यायला आलेली आणि चाळीसही जण रिपोर्ट विसरून जोडणीबाबांकडे बघत बसलेली. पांढरा झगा, गळ्यात निळ्या नेटवर्क केबलची माळ, हातात तांब्याची तार. एक आजोबा तर खुर्चीवर चढून टाळ्या पिटत होते! मी रक्त काढायची सुई घेऊन दारात उभा होतो आणि ती नेमकी कुणाला टोचावी, याबद्दल माझं मत पक्कं होत चाललं होतं.

झालं होतं असं, की आठवडाभर काउंटरवरचा कॉम्प्युटर आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनशी बोलत नव्हता. त्या मशीनचं नाव 'भांडार', सगळे रिपोर्ट त्याच्या पोटात. काउंटरवरच्या ताईंनी केबल बदलली, दोन्ही यंत्रं बंद-चालू केली, पण पडद्यावर रडगाणं एकच: भांडारकडून उत्तर नाही. शेवटी लॅबच्या मालक डॉक्टरांनी आपल्या लाडक्या बाबांना पुन्हा बोलावलं.

"दोष यंत्रात नाही, खुर्चीत आहे!" बाबा गरजले. "ही बाई बसली आणि लहरी रुसल्या. ती इथे आहे तोवर एक कागद बाहेर पडणार नाही. शुद्ध हात हवेत. माझा भाचा सध्या मोकळाच आहे."

डॉक्टरांनी गंभीरपणे मान डोलावली. ताईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. मला असा संताप आला म्हणता!

रांगेत माझी आत्या होती. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. तिला लहरींपेक्षा स्वतःच्या साखरेच्या रिपोर्टची काळजी. ती काउंटरवर वाकली.

"अगं पोरी, नावाने लागत नाही ना? मग नंबर फिरवून बघ की!"

ताईंनी भांडारचा नंबर वहीतून काढला आणि त्या नंबराला पिंग केलं, म्हणजे हाक मारली. झटकन उत्तर!

"म्हणजे लाइन ठणठणीत आहे. आता नावाने हाक मार, आणि हा कॉम्प्युटर कुठला नंबर फिरवतो ते बघ."

पडद्यावर भलताच नंबर उमटला.

"डिरेक्टरीत घोळ आहे गं! कुठे असते तुमची डिरेक्टरी?"

काउंटरवरचा कॉम्प्युटर लिनक्स प्रणालीवर चालतो; तिच्यात 'होस्ट्स' नावाची, नाव आणि नंबर लिहिलेली एक छोटी फाईल असते. नाव दिलं की कॉम्प्युटर बाहेर विचारायच्या आधी सहसा तिच्यात डोकावतो. ताईंनी ती उघडली. तळाशी भांडारचं नाव आणि शेजारी तोच भलता नंबर! फाईल बदलल्याची वेळ: गेला सोमवार, सकाळी अकरा दहा. त्या वेळी लॅबमध्ये बाबा एकटेच यंत्रांची 'शुद्धी' करत होते. पासवर्ड डॉक्टरांनीच दिला होता, बाबांपासून काय लपवायचं म्हणून.

"एकही कागद नाही!" बाबा पुन्हा गरजले.

ताईंनी ती ओळ पुसली आणि कळ दाबली. प्रिंटर खाकरला, थरथरला आणि धडाधड कागद ओकायला लागला.

"पाहिलीत माझी कृपा?" बाबांनी तार उंचावली.

"पण बाबा, बाई तर अजून इथेच आहे!" खुर्चीवरचे आजोबा ओरडले आणि सगळी लॅब खो खो हसत सुटली. हसण्याच्या त्या गदारोळात आत्याने पडदा डॉक्टरांकडे वळवला, आणि तारीख-वेळेवर बोट ठेवलं. बाबा दाराकडे सरकले. घाईत माळ दाराच्या कडीत अडकली, तर ती तिथेच टाकून पळाले.

"ताई, चुकलो मी," डॉक्टर म्हणाले. "बसा तुम्ही."

"बसलेलीच आहे, डॉक्टर," ताई म्हणाल्या आणि डोळे पुसून त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

यंत्र अडलं तर ते कुणाला हाक मारतंय हे बघा, आणि कुणी माणसावर बोट ठेवलं तर आधी पुरावा मागा. हे मी स्वतःलाही सांगतोय. त्या सोमवारी बाबांनी सगळ्यांना बाहेर जाऊन डोळे मिटायला सांगितलं, तेव्हा इतका शहाणा मी, मीसुद्धा मिटले होते.