चार्जिंगबाबांची समाधी

सुतारदादाच्या कारखान्यात तोबा गर्दी! वेल्डर हातातलं काम टाकून आलेला, शेजारची शिवणवाली गळ्यातली टेप तशीच लटकवून आलेली. चार्जिंगबाबांनी चमत्कारच तसा केला होता. ड्रिलची हटून बसलेली बॅटरी त्यांनी आत नेली, गार फरशीवर ठेवून तिला ‘समाधी’ लावली, तिच्या तोंडाला मंतरलेली राख चोळली आणि चार्जरवर बसवली. लुकलुकणारा लाल दिवा गेला, चार्जिंग सुरू झाल्याचा हिरवा आला. लोकांनी हात जोडले.

“बेटा, इथं ऊर्जा येते, पण कुणाची तरी नजर ती पिऊन टाकते,” बाबा डोळे मिटून म्हणाले. “नवीन कोण आलंय?”

सगळ्या माना धाकटीकडे वळल्या. दादाची ही बहीण सासर कायमचं सोडून आली होती आणि हल्लीच इथं लाकूड घासायला लागली होती.

“ही आली आणि चार्जिंग मंदावलं, हे मात्र खरं,” दादा खाली बघत पुटपुटला. “धाकटे, उद्यापासून येऊ नकोस.”

धाकटीला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून संतापही आला. एक घर सुटलंच होतं, आता हातातलं कामही जाणार, तेही एका ड्रिलपायी!

तिनं दादानं आत्ताच वापरून ठेवलेल्या ड्रिलमधली दुसरी बॅटरी उपसून बाबांच्या हातात ठेवली.

“आई गं!” बाबांनी हात झटकला.

“तापलीय होय? असू दे. आता समाधी नको, राख नको. नुसता मंत्र म्हणा.”

बाबांनी बॅटरी चार्जरवर बसवून घसा कोरडा पडेपर्यंत मंत्र म्हटला, तरी लाल दिवा लुकलुकतच राहिला. “ऊर्जा रुसलीय,” बाबा म्हणाले.

“मी समजूत काढते तिची.” तिनं बॅटरी फरशीवर ठेवली. चार्जरचा प्लग काढून त्यातला भुसा झटकला, बॅटरीच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या कोरड्या फडक्यानं घासल्या आणि बाबांच्याच सुरात सुरू केलं, “सात एके सात...” बॅटरी गार होईतो पाढे तिसापर्यंत पोचले. मग प्लग पुन्हा जोडून बॅटरी चार्जरला लावली. हिरवा दिवा!

“पाढे सिद्ध आहेत म्हणायचे!” वेल्डर खिदळला.

“दादा, तापलेली बॅटरी चार्जर घेत नाही, ती निवायची वाट बघतो. तू मात्र ड्रिलमधून काढलीस की तशीच लावतोस. त्यात माझ्या घासकामाचा भुसा पट्ट्यांवर बसला. बाबांच्या फरशीनं बॅटरी निवली, राखेनं पट्ट्या साफ झाल्या. नजर लागली नव्हती रे, नजर कुणी टाकलीच नव्हती!”

बाबांनी झोळी उचलली. त्यांना म्हणे दुसरीकडे तातडीची समाधी होती.

“चुकलं माझं,” दादा म्हणाला. “उद्या येशील ना?”

“येईन की. चार्जर भुशापासून लांब ठेवू. पण पुन्हा काही बिघडलं, तर आधी कारण शोध, दादा. बाई शोधू नकोस.”