ड्रॉवरमधला फोन

भोंगेकाका नेहमीसारखे साडेनऊला चपला घालत होते, तेवढ्यात सून डबा घेऊन दाराशी आली.

"बाबा, आज माझ्या आईचा वाढदिवस आहे. पाच मिनिटं फोन द्याल?"

"संध्याकाळी बघू," काका म्हणाले आणि निघाले.

पूर-नियंत्रण कक्षात त्यांची चोवीस वर्षं गेली होती. नदीची पातळी बघायची, वेळ आली की भोंगा वाजवायचा आणि काठावरच्या प्रत्येक फोनवर इशारा धाडायचा, हे त्यांचं काम. त्यावरूनच हे नाव पडलं, आणि त्यांनाही ते आवडे. गेल्या वर्षी इशाऱ्याचा मजकूर त्यांनीच सुधारला होता. 'पाणी येत आहे. कुणाची वाट पाहू नका, कुणाला विचारत बसू नका. आहात तसे टेकडीवरच्या शाळेत जा.' साहेबांनी भर सभेत त्यांची पाठ थोपटली होती.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! काकांच्या स्वतःच्या घरात बाईमाणसाने बाहेर पाऊल टाकायचं तर आधी त्यांना विचारायचं, असा नियम होता. बायकोने तो तीस वर्षं पाळला. मुलगा जहाजावर नोकरीला. सून आली, तीही निमूट पाळू लागली. पण ती माहेरी फार बोलते, असं काकांच्या मनाने घेतलं आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी तिचा फोन काढून घेतला. घरी ठेवला तर बायको विरघळेल, म्हणून कचेरीतल्या आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तो चालूच ठेवला होता, कुणाकुणाचे फोन येतात ते कळावं म्हणून. घरात दुसरा फोन नव्हता.

दुपारी दोनच्या सुमारास वरच्या बाजूचा बांध फुटल्याची खबर आली. काकांनी आधी पूल बंद करायला लावला, मग भोंग्याचा खटका ओढला. शेजारच्या टेबलावरच्या ऑपरेटर मुलीने इशारा धाडला. दुसऱ्याच क्षणी खोलीत काहीतरी घणघणलं.

"काका, तुमचा ड्रॉवर वाजतोय," मुलगी म्हणाली.

काकांनी घाईघाईने घराशेजारच्या शिंप्याला फोन लावला, पण तो लागायलाच अर्धा तास गेला. तोवर शिंपी शाळेत पोचला होता.

"आमच्या घरचे आहेत का तिथे?"

"नाही हो. निघताना मी हाका मारल्या. सूनबाई दारापर्यंत आल्या होत्या. पण वहिनी म्हणाल्या, यांना विचारल्याशिवाय कसं निघायचं? मला वाटलं, तुम्ही कळवलं असेल."

"परत जा ना! पाया पडतो तुमच्या!"

"काका, रस्त्यावर छातीभर पाणी आहे."

घर नदीच्या पलीकडे आणि पूल त्यांच्याच हुकमाने बंद. त्यांनी सुटकेच्या बोटीला कळवलं. बोट दुसऱ्या टोकाला गुंतली होती. त्यांनी भोंगा पुन्हा पुन्हा वाजवला, पण 'मी सांगतोय, निघा' एवढं काही भोंग्याला म्हणता येत नाही. समोरच्या पडद्यावर आकडे चढत होते. आठ मीटरला आपल्या गल्लीत पाणी शिरतं, साडेनऊला स्वयंपाकाचा ओटा बुडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दर दहा मिनिटांनी इशारा पुन्हा जात होता आणि ड्रॉवर पुन्हा वाजत होता. पडदा साडेदहावर पोचला, तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी बायको त्यांना शाळेत भेटली, एकटीच. अंगावर कुणाचीतरी चादर होती.

"ती म्हणत होती, आई, चला, बाबांना मी समजावीन. मीच बसवलं तिला. म्हटलं, भोंगा यांच्या हातातला, आपल्याला निरोप धाडल्याशिवाय राहतील का? पाणी आलं तेव्हा तिनेच मला खालून ढकलून माळ्यावर चढवलं. मग शिडी गेली. तिचा हात होता हो माझ्या हातात." ती काकांकडे बघत राहिली. "निरोप का नाही धाडलात?"



आठवड्याने अहवाल भरायचा होता. कोणत्या फोनवर इशारा पोचला, त्याची यादी यंत्रानेच छापली होती. सुनेच्या नंबरापुढे 'मिळाला' असं होतं.

"काका, हे पान मी भरते, तुम्ही राहू द्या," ऑपरेटर मुलगी हळूच म्हणाली.

"नको."

त्यांनी 'मिळाला' खोडून 'मिळाला नाही' असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय छापलेले होते: फोन बंद, रेंज नाही, नंबर चुकीचा. काकांनी रकान्याबाहेर, समासात, स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'फोन सासऱ्याने काढून घेतला होता,' आणि खाली आपली सही केली.