टाकीसमोरची जागा

मच्छिंद्र फिटरला भिंगारच्या लष्करी वर्कशॉपमधून रिटायर होऊन दहा वर्षं झाली होती, तरी सकाळी साडेसातला त्याला भोंगा ऐकू येई. भोंगा कुठंच वाजत नसे. माणूस घरी आला होता, पण कान अजून नोकरीवरच होते.

अशाच एका सकाळी फोन आला. "मच्छिंद्रकाका का? मी दिशा, राजूरहून बोलतेय. कारभारी आबांची मुलगी. होडीच्या टाक्या परत बसवायच्यात. आबा म्हणाले, बसवायच्या तर त्यानंच."

पस्तीस वर्षांत मच्छिंद्रनं कारभारीचं नाव घरात कधी काढलं नव्हतं, आणि एक दिवस ते मनातून गेलंही नव्हतं.

"येतो," एवढंच तो म्हणाला.

त्याचं असं झालं होतं. भंडारदऱ्याच्या पाण्यावर तेव्हा छावणीतल्या साहेबलोकांच्या क्लबची एक शिडाची होडी असायची. मुळात समुद्रावरची, कुणा हौशी साहेबानं ट्रकवर घालून घाट चढवून आणलेली. आत दोन्ही कुशींना पाण्याची एकेक टाकी, शंभर-शंभर लिटरची, आणि टाक्यांच्या पुढ्यात बसायच्या फळ्या. गोड्या पाण्यावर तरंगायचं आणि वर गोडंच पाणी भरून न्यायचं, याला म्हणायचं साहेबी! पण त्या वजनावरच होडीचा तोल राहायचा, त्यामुळं टाक्या काढायचीही सोय नव्हती.

होडी सांभाळायला धरणाकाठचा कारभारी होता आणि दुरुस्तीला वर्कशॉपमधून मच्छिंद्र जायचा. मच्छिंद्र पाथर्डीकडचा, टँकरची वाट बघत वाढलेला. कारभारीला चालायच्या आधी पोहता येत होतं. दोघांचं असं गूळपीठ जमलं की मच्छिंद्र दर महिन्याला होडीत काहीतरी बिघाड शोधून काढू लागला. मग दोन दिवस मुक्काम, कारभारीच्या घरची नागलीची भाकरी, आणि संध्याकाळी शीड उतरवून नुसतंच पाण्यावर पडून राहणं. मच्छिंद्रला पोहता येत नसे. कारभारी म्हणायचा, "बुडलास तर मी हाय की." तेवढ्या भरवशावर तो पाण्यात पाय सोडून बसायचा. आयुष्यात इतकं निवांत तो पुन्हा कधी बसला नाही.

मग जुन्या टाक्या गंजल्या आणि मच्छिंद्रनं नव्या बसवल्या. खाली लाकडी चौकट, चार कोपऱ्यांना लोखंडी अँगल, झालं काम. कारभारीनं डोकं खाजवलं. "वरनं बी एक पट्टी टाक की, गड्या."

"एक क्विंटलाचं धूड," मच्छिंद्र हसला होता, "ते काय उडून जानार हाय व्हय? ट्रकात आमी अशीच बसवतो."

ट्रक कधी कुशीवर होऊन चालत नाही. शिडाची होडी मात्र कुशीवर होऊनच चालते. एवढी साधी गोष्ट, पण जमिनीवरच्या माणसाला कोण सांगणार?

आठवडाभरात रतनगडाकडून वारा सुटला. होडी डाव्या अंगावर कलली, उजवीकडची अर्धी भरलेली टाकी हिंदकळली, चौकटीतून उचलली गेली आणि डाव्या फळीवर बसलेल्या कारभारीच्या गुडघ्यावर येऊन आदळली. निरोप मिळताच मच्छिंद्र संगमनेरला धावला, पण दवाखान्याच्या फाटकाशीच उभा राहिला. काय तोंड दाखवायचं? समोरच्या टपरीवर त्यानं दोन चहा घेतले आणि परतीची एसटी धरली. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करता करता साहेबलोकांचा क्लब बंद पडला, होडी कारभारीकडेच राहिली आणि पस्तीस वर्षं निघून गेली.

आता धरणाकाठी एसटीतून उतरल्यावर त्याला पहिली दिसली ती काठी. कारभारी ओट्यावर बसला होता, केस पांढरेशुभ्र, उजवा पाय ताठ पुढं केलेला.

"आलास? टाक्या होडीपाशी हायेत," तो म्हणाला आणि तोंड फिरवून तंबाखू मळू लागला. वाटभर घोकलेलं सगळं तसंच घेऊन मच्छिंद्र होडीकडं वळला.

दिशा राजूरच्या शाळेत शिकवायची. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालून तिनं होडीच्या फळ्या बदलल्या होत्या, शीड शिवून घेतलं होतं. "आबांना एकदा परत होडीत बसायचंय," ती म्हणाली. "तब्येत आता पहिल्यासारखी नाही, काका. पण तुम्ही टाक्या बसवल्याशिवाय पाय ठेवणार नाही म्हणतात."

एका माणसावर एकच टाकी दोनदा पाडायची म्हणजे हद्द झाली. या खेपेला चुकून चालणार नव्हतं.

पहिला सगळा दिवस मच्छिंद्रनं पान्याला हात लावला नाही. काठावर ओंडक्यांवर ठेवलेल्या होडीत तो कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर आडवा पडून राहिला. दिशा घाबरली. "काका, बरं वाटत नाही का?"

"बघतोय," तो म्हणाला, "होडी कलली की खालची बाजू कुठं जाते त्ये."

दुसऱ्या दिवशी कामाला लागला. चौकटीवर जुन्या ट्यूबचं रबर अंथरलं, टाकी घासून झिजू नये म्हणून. चारी बाजूंनी सागवानी ठोकळे सुतभरही फट न ठेवता बसवले. आणि वरून दोन जाड पट्ट्या, होडीच्या फासळ्यांना आरपार बोल्ट घालून, मागं रुंद वॉशर देऊन आवळल्या. टाकीत अर्धं पाणी भरून त्यानं दिशाला होडी हलवायला लावली. टाकी जागची हलली नाही, पण आतलं पाणी डचमळून धाडधाड धडका देऊ लागलं. आज टिकेल, उद्या टिकेल, कधीतरी या धडका बोल्ट ढिले करणारच.

तो आवाज ऐकता ऐकता त्याला आई आठवली, दगडाबाई. उन्हाळ्यात दोन कोसांवरून डोक्यावर हंडा आणायची. हंडा काठोकाठ कधी भरायचाच नाही, आणि अर्धा हंडा भरलेल्यापेक्षा जास्त हिंदकळतो. म्हणून ती पाण्यावर लिंबाचा डहाळा टाकायची. डहाळ्यानं पाणी शांत व्हायचं, घरी येईस्तोवर थेंब सांडत नसे. वर्कशॉपात शिकलेलं त्यानं चाळीस वर्षं जपलं, आणि आईनं रोज डोळ्यांसमोर दाखवलेलं विसरला. त्याला स्वतःचाच राग आला. टाकीचं झाकण काढून त्यानं आत भोकं पाडलेले तीन आडवे पत्रे बसवले. आता पाणी नुसतं गुरगुरायचं आणि गप्प व्हायचं.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. होडी पाण्यात लोटायच्या आधी काठावरच कलवून बघायची, असं त्यानं ठरवलं. डोलकाठीच्या शेंड्याला दोर बांधला, ओढायला दिशाच्या जोडीला गावातली चार माणसं उभी राहिली. मच्छिंद्र स्वतः डाव्या फळीवर बसला, उजव्या टाकीच्या बरोबर समोर, गुडघे पुढं काढून.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. दिशाच्या खांद्याचा आधार घेत कारभारी होडीत चढला.

"ऊठ."

"आधी मला बघू दे, कारभारी. पडली तर माझ्यावर पडू दे."

"ऊठ म्हनलं ना. ती माझी जागा हाय."

मच्छिंद्र उठला. कारभारी बसला आणि त्यानं तोच उजवा पाय टाकीच्या समोर लांब केला. "वढा रं!"

होडी हळूहळू कुशीवर गेली. टाकी कारभारीच्या गुडघ्याच्या बरोबर वर लटकली. मच्छिंद्रनं दोन्ही हातांनी पट्टी धरली, जणू त्याच्या हातांनीच ती तोलली जाणार होती. पट्ट्या एकदा करकरल्या, आत पाणी गुरगुरलं आणि गप्प झालं. कारभारीनं टाकीकडं पाहिलंसुद्धा नाही. तो मच्छिंद्रकडं बघत होता.

"सोड ती पट्टी. धरलीय तिनं टाकी," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "पाय सा महिन्यांत चालता झाला हुता, गड्या. दवाखान्यात दिशाची आई सांगत आली, भिंगारचा पाव्हना फाटकाशी उभा हाय म्हनून. मी खाटंवर सरकून बसलो, तुला टेकायला जागा पायजे म्हनून. सांजपतोर तसाच सरकून बसलो हुतो. तू आलाच न्हाईस."

मच्छिंद्रला रडू आवरेना. "भ्यालो, गड्या. लई भ्यालो."

"ठावं हाय मला." कारभारी कललेल्या फळीवर कण्हत थोडा बाजूला सरकला आणि मोकळ्या जागेवर हात आपटला. मच्छिंद्र टाकीच्या समोर, त्याच्या शेजारी बसला.

बाहेरून दिशानं विचारलं, "काका, सोडायचा का दोर?"

"नगा सोडू," कारभारीच ओरडला. "जरा बसू द्या आमाला."